तापलेले लोखंड

माणूस नित्य जी वाक्ये बोलतो त्यांपैकी पुष्कळशी त्याची स्वतःची नसतात. ती कोणी तरी, केव्हा तरी, कोणत्या तरी प्रसंगी उच्चारलेली असतात. प्रसंग विसरला जातो, उच्चारणारा विसरला जातो, आणि वाक्य मात्र टिकते. हाती आलेल्या नाण्यावर कोणत्या राजाची मुद्रा आहे हे न पाहताच ते आपण पुढे देतो, तसे या वाक्यांचे होते. 'लोखंड तापले आहे तोवरच घाव घालावा' हे असेच एक चलनी वाक्य आहे. कचेरीत एखादा प्रस्ताव मंजूर करून घ्यावयाचा असो, बाजारात सौदा पुरा करावयाचा असो किंवा लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचे ठरवावयाचे असो, कोणी तरी हे वाक्य बोलतो आणि विचार करू पाहणारा गप्प बसतो. म्हणीपुढे वाद चालत नाही. ती शहाण्यांची वाणी, असा सर्वांचा समज असतो.

हा समज कितपत खरा आहे हे पाहावयाचे तर लोखंडाच्या गावापासून आरंभ करणे बरे. भिलाई हे तसे गाव. तेथील पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला. त्या दिवशी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला गेली, आणि २००० सालच्या त्याच तारखेला छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. राजहराच्या डोंगरातील खनिज तेव्हापासून भिलाईच्या भट्ट्यांत पडत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध होताच; कारखान्यामुळे तो अधिक दृढ झाला. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, कारखान्यात इंग्रजी, आणि आरंभीच्या वर्षांत कानावर पडणारी रशियन, अशा अनेक भाषांच्या शेजारात येथील कुटुंबे वाढली. अशा ठिकाणी वाक्प्रचारांना सीमा उरत नाही. तापल्या लोखंडाची म्हण हिंदीत आहे, मराठीत आहे, इंग्रजीतही आहे. आणि भिलाईत तर ती डोळ्यांसमोर घडत असते.

इंग्रजी भाषेपुरता या म्हणीचा माग काढता येतो. ऑक्सफर्डच्या महाकोशाने ती सोय करून ठेवली आहे. या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि अखेरचा १९२८ साली. शब्दाचा नुसता अर्थ देऊन त्याचे संपादक थांबले नाहीत. तो शब्द कोणत्या ग्रंथात कोणत्या साली आला याचे उतारे त्यांनी कालक्रमाने मांडले. मराठीत य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'ने वाक्प्रचार एकत्र करून त्यांचे अर्थ देण्याचे मोठे काम केले आहे. मात्र ग्रंथातील पहिला उल्लेख म्हणजे म्हणीचा जन्म नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. लोहाराच्या पालात ती त्यापूर्वी कित्येक पिढ्या बोलली गेली असेल. ग्रंथ तिला जन्म देत नाही. ग्रंथ तिला एक मुख देतो, एक प्रसंग देतो. आणि खरी गंमत तेथेच आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात जेफ्री चॉसर याने 'कँटरबरी टेल्स' हा ग्रंथ रचला. त्यात यात्रेकरूंच्या तोंडी कथा घातल्या आहेत, आणि चॉसर स्वतःही एक यात्रेकरू आहे. त्याने सांगितलेल्या दोन कथांपैकी एक मेलिबीची. ही गद्य कथा त्याची स्वतंत्र नव्हे; ब्रेशा नगरीतील आल्बर्टानो नावाच्या कायदेपंडिताने तेराव्या शतकात लिहिलेल्या लॅटिन ग्रंथावरून ती फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आली. मेलिबी हा एक श्रीमंत गृहस्थ. तो घरी नसताना त्याचे तीन शत्रू घरात शिरतात, त्याच्या पत्नीला मारहाण करतात आणि मुलीला पाच ठिकाणी जखमी करून निघून जातात. मेलिबी संतापतो आणि सल्ल्यासाठी मोठी सभा भरवतो. वैद्य येतात, वकील येतात, शेजारी येतात. एक अनुभवी वकील सांगतो की, घराचे रक्षण करावे आणि युद्धाचा निर्णय सावकाश घ्यावा. त्यासरशी सभेतील तरुण मंडळी उसळून उठतात. लोखंड तापले असतानाच घाव घालतात, तसाच अपमान ताजा आहे तोवरच सूड घेतला पाहिजे, असे म्हणून ते युद्धाचा घोष करतात.

म्हणजे इंग्रजी साहित्यात ही म्हण फार जुन्या काळी जेथे भेटते, तेथे ती शहाण्याची वाणी नाहीच. ती उतावळ्यांची आरोळी आहे. तिच्यामागोमाग एक वृद्ध उठतो आणि सांगू लागतो की, युद्धाचे दार मोठे असते, त्यातून कोणीही सहज आत शिरतो. परंतु शेवट काय होईल हे कोणाला ठाऊक नसते. त्याला बोलू दिले जात नाही. लोक गलका करतात आणि तो बिचारा खाली बसतो. बहुमत युद्धाच्या बाजूने पडते. त्यानंतर कथेचा सारा विस्तार एकाच गोष्टीने व्यापला आहे: मेलिबीची पत्नी प्रुडन्स, जिने स्वतः मार खाल्लेला आहे तीच, पतीला धीराने, युक्तिवादाने, थोरांचे दाखले देत त्या निर्णयापासून परत आणते. अखेर शत्रू शरण येतात आणि मेलिबी त्यांना क्षमा करतो. लोखंड निवते आणि त्यामुळेच घर वाचते. सहाशे वर्षांत लोकांनी त्या कथेतील म्हण तेवढी उचलली. वृद्ध आणि प्रुडन्स मागे राहिले.

शेक्सपिअरकडे आले तरी तोच प्रकार. 'सहावा हेन्री' या नाटकाच्या तिसऱ्या भागात कॉव्हेंट्री नगराच्या तटापाशी वॉरिकला शरण येण्याचा आग्रह होत असतो. त्या वेळी लोखंड निवण्यापूर्वी घाव घाल, असे त्याला बजावणारा माणूस म्हणजे ग्लॉस्टरचा रिचर्ड. पुढे तिसरा रिचर्ड म्हणून राज्य बळकावणारा आणि पुतण्यांच्या रक्ताने हात माखणारा शेक्सपिअरचा खलनायक तो हाच. दुसऱ्याला विचार करण्यास सवड मिळू नये अशी ज्याची इच्छा, त्याच्याच तोंडी नाटककाराने ही म्हण घातली आहे.

मैत्रीविषयीचे एक इंग्रजी वचन असेच प्रसिद्ध आहे. पारखून घेतलेले मित्र पोलादी कड्यांनी आपल्या जिवाशी जखडून ठेवावेत, असा त्याचा आशय. हे 'हॅम्लेट' मधले. गोपाळ गणेश आगरकरांनी हे नाटक 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले, ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. पोलादी कडी म्हणजे पिंपाच्या फळ्या आवळून धरणारे पट्टे. मराठी शेतकऱ्याला गाडीच्या चाकावरची धाव आठवली तर अर्थ चटकन उमगेल. लोहार ती धाव तापवून फुगवतो, लाकडी चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. निवताना ती आकसते आणि आरे, पाटे यांना अशी मिठी मारते की, शेकडो कोस गाडी चालली तरी चाक खिळखिळे होत नाही. मैत्रीला याहून सुंदर उपमा कोणती? परंतु हा उपदेश करणारा पोलोनियस आहे. परदेशी निघालेल्या मुलाला तो हे सांगतो आणि थोड्याच वेळाने त्याच मुलावर पाळत ठेवण्यासाठी नोकराला पाठवतो. वचन खरे, वक्ता खोटा. आणि नाटककाराला नेमके हेच दाखवावयाचे आहे.

याउलट, निष्ठावान माणसाला इंग्रजीत 'पोलादासारखा सच्चा' म्हणतात. ही उपमा चॉसरमध्ये आहे, शेक्सपिअरमध्येही आहे. 'मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात झिडकारणाऱ्या डिमिट्रियसच्या मागे रानात फिरणारी हेलेना त्याला म्हणते की, तू कठोर असा चुंबक आहेस, पण तू ओढतोस ते साधे लोखंड नव्हे. माझे हृदय पोलादासारखे सच्चे आहे. तुझी ओढण्याची शक्ती गेली तर माझीही मागे येण्याची शक्ती जाईल. आज ही उपमा घोटीव झाली आहे. भाषणांत आणि निरोपसमारंभांत ती वापरली जाते. मूळ ठिकाणी मात्र ती एका अपमानित मुलीच्या तोंडी आहे, आणि चुंबकाचे चित्र तिच्याशी जोडलेले आहे.

चुंबकाचे नाव निघाल्यावर भारतीय वाचकाला कालिदास आठवल्यावाचून राहणार नाही. 'कुमारसंभवा'च्या दुसऱ्या सर्गात तारकासुराने गांजलेले देव ब्रह्मदेवाकडे जातात. ब्रह्मदेव त्यांना उपाय सांगतो: शंकराचे मन संयमाने स्थिर आहे, चुंबकाने लोखंड ओढावे तसे उमेच्या रूपाने ते ओढून घ्या. उपाय ऐकताच इंद्राला धीर धरवत नाही. तो मदनाला पाठवतो. मदन संधी साधतो, बाण जोडतो, आणि शंकराच्या तृतीय नेत्राच्या अग्नीने भस्म होतो. तापल्या लोखंडावरचा घाव म्हणावा असाच हा प्रयत्न होता. तो फसला. उमेचे नुसते रूपही फसले. तिने पाचव्या सर्गात घोर तप आरंभले तेव्हा शंकर स्वतः तिच्या दारी आले. तापणे आणि तप हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. एका तापात घाई आहे, दुसऱ्यात धीर आहे.

कालिदासाच्या दृष्टीला लोखंडाचा ताप आणखी दोन प्रकारे दिसला. 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गात इंदुमतीच्या मृत्यूने अज राजा धाय मोकलून रडतो. तेथे कवी म्हणतो की, तापवले तर लोखंडही मऊ होते, मग देहधाऱ्यांची काय कथा! 'विक्रमोर्वशीया'च्या दुसऱ्या अंकात उर्वशीची व्याकुळता सांगणाऱ्या चित्रलेखेला पुरूरवा आपली तीच अवस्था सांगतो आणि सुचवतो की, तापलेले लोखंड तापलेल्या लोखंडाशी सांधण्यास योग्य असते. पश्चिमेकडील म्हणीला तापलेल्या लोखंडात संधी दिसली. कालिदासाला त्यात एकदा शोकाने आलेले मार्दव दिसले आणि एकदा दोन जिवांचे सांधणे. लोहार तेच, भट्टी तीच. परंतु काय पाहावे हे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते.

एका इंग्रजी वाक्प्रचाराची कथा तर करुणही आहे आणि विलक्षणही. दुःखाने माणूस आतून कायमचा कडवट झाला म्हणजे 'लोखंड त्याच्या आत्म्यात शिरले' असे इंग्रजीत म्हणतात. हे बायबलातील १०५ व्या स्तोत्रातले. भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाचे तेथे वर्णन आहे. मूळ हिब्रू वाक्याचा सरळ अर्थ एवढाच की, तो लोखंडात, म्हणजे बेड्यांत, पडला. लॅटिन भाषांतरात कर्ता आणि कर्म यांची उलटापालट होऊन लोखंड आत्म्यातून आरपार गेले असा अर्थ झाला. सोळाव्या शतकात माइल्स कव्हरडेल याने तोच इंग्रजीत आणला आणि चर्चच्या प्रार्थनापुस्तकात तो राहिला. १६११ सालच्या राजमान्य भाषांतराने चूक सुधारली आणि योसेफाला बेड्यांत ठेवल्याचे साधे वाक्य लिहिले. पण ते अचूक वाक्य कोणाच्या ओठी बसले नाही. चुकीचे वाक्य मात्र जिवंत राहिले. लॉरेन्स स्टर्न याने १७६८ सालच्या आपल्या 'सेंटिमेंटल जर्नी'त अंधारकोठडीतील बंदिवानाचे कल्पनाचित्र रेखाटले, तेव्हा त्याने याच वाक्याचा आधार घेतला. भाषांतर चुकले होते, पण दुःख खरे होते. बेडी आधी पायात पडते आणि मग मनात शिरते, हे ज्यांनी पाहिले त्यांनी ती चूक उराशी धरली.

इंग्रजीतून मराठीत आलेल्या प्रयोगांनाही अशीच विसरलेली मुखे आहेत. सनदी नोकरवर्गाला मराठीत गौरवाने 'पोलादी चौकट' म्हणतात. हा शब्द ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या २ ऑगस्ट १९२२ च्या पार्लमेंटमधील भाषणामुळे गाजला. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मदतीवाचून भारताचे चालेल असा काळ आपल्याला दिसत नाही, आणि ही पोलादी चौकट काढून घेतली तर सारी इमारत कोसळेल, असा त्या भाषणाचा रोख होता. भारतात त्यावर संताप उसळला. आज त्या पदावर बसणारा भारतीय अधिकारी हे विशेषण भूषण म्हणून मिरवतो. 'पोलादी पडद्या'चेही तसेच. चर्चिल यांच्या ५ मार्च १९४६ च्या फुल्टन येथील भाषणाने तो जगभर गेला. परंतु एथेल स्नोडेन या बाईंनी १९२० सालीच रशियाविषयी लिहिताना तो वापरला होता. आणि त्याच्याही आधी तो शब्दशः लोखंडाचा पडदा होता: रंगमंचावर आग लागली तर प्रेक्षकांना वाचवण्यासाठी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १७९४ साली असा पडदा बसवला होता. रक्षणासाठी केलेल्या वस्तूचे नाव अविश्वासाला मिळाले. आणि त्या 'पडद्या'पलीकडून आलेल्या अभियंत्यांनी भारतीय कामगारांच्या बरोबरीने भिलाईची भट्टी उभी केली, तेव्हा पडद्याला दार असते हेही दिसून आले.

थोर माणसाचे वैगुण्य उघड झाले की 'पाय मातीचेच निघाले' असे मराठी वृत्तपत्रे लिहितात. हे बायबलातील दानिएलाच्या ग्रंथातले. राजाच्या स्वप्नातील पुतळ्याचे मस्तक सोन्याचे, छाती व बाहू चांदीचे, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावले काही लोखंडाची, काही मातीची. माती दुबळी म्हणून पुतळा कोसळला, एवढेच वाचक ध्यानात ठेवतो. दानिएल मात्र सांगतो की, लोखंड आणि माती एकजीव होत नाहीत, आणि त्या राज्याची फूट तेथेच आहे. दोष मातीपेक्षाही न सांधलेल्या सांध्याचा होता.

भाषाशुद्धीचे अभिमानी अशा प्रयोगांना परकी वळणे म्हणून नाक मुरडतात. त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. चित्र न पाहता उचललेला शब्दप्रयोग भाषेत खड्यासारखा लागतो. परंतु उसनेपणा हा काही दोष नव्हे. खुद्द 'पोलाद' हा शब्द फारसीतून आला आणि मराठीच्या ऐरणीवर घडून मराठीच झाला. इंग्रजीत ऐरणीवर असलेली गोष्ट घडत असते. मराठीत ऐरणीवर आलेला प्रश्न घावाची वाट पाहत असतो. एवढा वेगळा अर्थ ज्या भाषेने आपल्या बळावर दिला, तिने शब्द उसना घेतला असला तरी अनुभव स्वतःचा ओतला आहे. खरा दोष अंधपणे बोलण्याचा. म्हणीचा उपयोग विचाराऐवजी होऊ लागला की ती गंजते.

आणि हा दोष केवळ साहित्यातला नाही. लोखंड तापल्याची हाक देऊन सभेत ठराव घाईने संमत होतात, जमिनीचे कागद न वाचता अंगठे उठतात, दोन गावांतला किंवा दोन जमातींतला ताजा अपमान दंगलीपर्यंत नेला जातो. अशा वेळी मेलिबीच्या सभेतला तो वृद्ध पुन्हा एकदा खाली बसवला जात असतो. जुना ग्रंथ उघडण्याचा लाभ हा की, त्याचे अर्धवट राहिलेले बोलणे पुरे ऐकता येते.

लोहार स्वतः या म्हणीचा अर्थ पुरता जाणतो. लोखंड लाल झाले की त्याला सवड नसते हे खरे. निवलेल्या लोखंडावर घण घातला तर ते चिरते. परंतु तापवण्यास किती वेळ द्यावा, रंग कोणता यावा, घाव कोठे आणि किती जोराचा, आणि पाणी केव्हा द्यावे, हे ठरल्यावाचून तो हात उचलत नाही. घाव हा क्षणाचा आणि त्यामागचा विचार वर्षांचा. आगगाडीच्या रुळाच्या बाबतीत तर घावाइतकेच महत्त्व निवण्याला आहे. ज्या रुळांसाठी भिलाईचे नाव देशभर झाले, त्या जातीचे पोलाद घाईने निवले तर आत कोंडलेल्या हायड्रोजनमुळे डोळ्यांना न दिसणारे तडे पडू शकतात आणि पुढे कधी तरी भरधाव गाडीखाली रूळ भंगतो. म्हणूनच हायड्रोजन बाहेर पडावा म्हणून रूळ हळूहळू निववण्याची रीत पोलादशास्त्राने शोधून काढली. ज्या रुळावर हजारो माणसे निश्चिंतपणे झोपून प्रवास करतात, त्याला तापल्या वेळचा नेमका दाबही लागतो आणि निवतानाचा धीरही. म्हणीने पहिली अर्धी गोष्ट सांगितली आहे. दुसरी अर्धी सांगणारा माणूस चॉसरच्या कथेत हात वर करून केव्हाचा उभा आहे.